बाईंना विचारा : पेशीच्या दारातलं पाणी

गेल्या अंकात रक्ताच्या चाचण्यांबद्दल लिहिलं आणि या महिन्यात पेशींवरच्या पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देण्याइतकी जागा नाही, म्हणून पाच पत्रं निवडली आहेत. त्यातलं एक उत्तर लांबलं आहे. ते मी मुद्दामच आखडतं घेतलेलं नाही.

प्रश्न : बाई, नमस्कार. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, आणि बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात. माझा मुलगा आठवीत आहे. तो म्हणतो, दोन्हीचं कारण एकच, परासरण. एकीकडे पाणी बाहेर येतं, दुसरीकडे आत जातं, मग कारण एकच कसं?
— एक गृहिणी, गुहागर

उत्तर : ताई, कैरीपुरतं मुलगा अगदी बरोबर सांगतोय. बेदाण्यावर नंतर येते. मी तासगावची, त्यामुळे बेदाण्याचं दोन शब्दांत आटोपणार नाही.

कैरीच्या फोडीत लाखो पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. प्रत्येकीला बाहेरून पेशीभित्तिका असते, सेल्युलोजची, चांगली दणकट. तिला आतून लागून प्रद्रव्यपटल. हे पटल इतकं पातळ, की एका केसाच्या जाडीत अशी दहा हजारांच्या आसपास पटलं एकावर एक रचता येतील. पेशीत काय येणार आणि काय जाणार, हे तिथे ठरतं. पाण्याला ते वाट देतं. मिठाला आणि साखरेला सहजासहजी देत नाही. मग पटलाच्या ज्या बाजूला मीठ-साखर जास्त विरघळलेली, त्या बाजूला पाणी सरकतं. परासरण ते एवढंच.

फोडींना मीठ चोळलं की बाहेरची बाजू खारट होते आणि पेशीतलं पाणी बाहेर येऊन बरणीच्या तळाशी खार साठतो. वनस्पतीच्या पेशीच्या पोटात रिक्तिका नावाची पाण्याची पिशवी असते, वाढ पूर्ण झालेल्या पेशीत तर जवळजवळ सगळी जागा तिचीच. ती रिकामी होऊ लागते, पटल भित्तिकेपासून सुटून आत आक्रसतं आणि फोड मऊ पडते. बरणीत शिरलेल्या जिवाणूंच्या आणि बुरशीच्या पेशींचंही मीठ असंच पाणी काढून घेतं, म्हणून लोणचं टिकतं. काकडी चोचवून ठेवली तरी मीठ पानं वाढताना घाला, हे आपल्या आयांना परासरण हा शब्द न ऐकताच माहीत होतं. उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर मान टाकलेली कोथिंबीर घ्या. देठं थोडी कापून पाण्यात उभी ठेवली की तासाभरात ताठ होते. रिक्तिका पुन्हा भरतात आणि भित्तिकेला आतून रेटा देतात.

आता बेदाणे. आमच्याकडे द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात. मण्याच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी अडवून धरतो. द्रावणाने तो ढिला पडला की माल पंधरा-वीस दिवसांत वाळतो. या वाळण्यात मण्यातल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीचं पटल कुणाला अडवू शकत नाही. रात्रभर बेदाणे भिजवा, सकाळी ते टपोरे झालेले असतील, पण खालचं पाणी चाखून बघा. गोड लागेल. आतली साखर बाहेर आली. पटल धड असतं तर अशी आली नसती. पाणी आत गेलं ते साखरेच्या ओढीनेच, तेवढं खरं, पण दारावरचा राखणदार तिथे उरलेला नाही. म्हणून वर्गात परासरण दाखवायला मी बेदाणे कधी घेतले नाहीत. बटाट्याच्या बोटभर लांबीच्या सारख्या पट्ट्या कापायच्या, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. तासाभराने पहिली मोडली तर कट्‌कन मोडते, दुसरी वाकते.

जिवंत पटल आणि मेलेलं पटल यांतला फरक मुलाला दाखवायचा असेल तर बीट कापा. फोडी नळाखाली धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. सुरीखाली फुटलेल्या पेशींचा रंग असा निघून जाईल. मग निम्म्या फोडी गार पाण्यात आणि निम्म्या उकळत्या पाण्यात टाका. गार पाणी बराच वेळ जवळजवळ नितळ राहतं. उकळतं पाणी बघता बघता गडद होतं. रंग दोन्हीकडे रिक्तिकेतच होता. उष्णतेने पटलं फाटली तिथेच तो सुटला.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. लग्न ठरत आलं होतं. शिबिरात रक्त तपासलं तर रिपोर्टवर ‘सिकल सेल, एएस’ असं आलं. मुलाकडचे लोक आता फोन उचलत नाहीत. आमचे नातेवाईक म्हणतात, पुढच्या स्थळाला सांगूच नका. बाई, तिचं रक्त खराब आहे का?
— एक वडील, जिल्हा भंडारा

उत्तर : दादा, तिचं रक्त खराब नाही. हे वाक्य आधी तिला वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

रक्तातली तांबडी पेशी ही शरीरातली सगळ्यात वेगळी पेशी. दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेला पेढा असावा तसा तिचा आकार. रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट, म्हणजे अशा सव्वाशे-दीडशे पेशी ओळीने ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. अस्थिमज्जेत ती तयार होताना तिला केंद्रक, म्हणजे जनुकं सांभाळणारा गोळा, असतं, पण रक्तात उतरण्याआधी ती ते बाहेर टाकते. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही काढून टाकते. घर रिकामं करून सगळी जागा ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला देते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. मग ती १२० दिवस फिरते. केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असतात, तिथून ती दुमडून, अंग चोरून निघते आणि पलीकडे पुन्हा पूर्वीसारखी होते. केंद्रक नसल्यामुळे तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही. शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी पाठवतं, म्हणून आपलं भागतं.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं एका ठरलेल्या क्रमाने ओवलेली असतात. सिकलच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी १४५ जशीच्या तशी. पण त्या एका मण्यामुळे हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटतं, त्याच्या लांब काड्या बनतात, आणि त्या काड्या आतून पटलाला ताणून पेशीचा विळा करतात. सिकल म्हणजे विळाच. अशी पेशी दुमडत नाही. बारीक वाहिनीत अडकते, मागच्या पेशींना अडवते, आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. ती जगतेही १० ते २० दिवसच, म्हणून रक्त कमी पडतं. हा आजार, एसएस.

तुमच्या मुलीला हा आजार नाही. तिला आई-वडिलांपैकी एकाकडून बदललेलं जनुक (एस) आलं आणि दुसऱ्याकडून नेहमीचं (ए). तिच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही हिमोग्लोबिन आहेत, नेहमीचं थोडं जास्तच. ते मध्ये असल्यामुळे काड्या बनत नाहीत. तिला वाहक म्हणतात.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. १९९४ साली नागपूरला आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताईंनी एएस असलेल्या एका कर्मचाऱ्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण मिसळलं आणि कव्हरस्लिप ठेवून कडा बंद केल्या. हे रसायन थेंबातला ऑक्सिजन काढून घेतं. अर्ध्या तासाने मी डोळा लावला. पेढ्यासारख्या पेशी जागच्या जागी टोकदार झाल्या होत्या, काही विळ्यासारख्या, काही ओल्या पानासारख्या दोन्हीकडून निमुळत्या. ज्याचं ते रक्त, तो माणूस माझ्या शेजारी उभा होता. रोज बारा किलोमीटर सायकल मारून कामाला यायचा. त्याच्या अंगात त्याच पेशी गोलच होत्या, कारण अंगात कुणी त्यांचा सगळा ऑक्सिजन काढून घेत नव्हतं. त्या दिवसापासून ‘एएस म्हणजे आजार’ असं कुणी म्हटलं की मला तो माणूस आठवतो. तुमच्या मुलीने फार उंचावरच्या डोंगराळ भागात जाताना किंवा ऑपरेशनसाठी भूल घेताना डॉक्टरांना रिपोर्ट सांगावा, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नये. बाकी तिने सगळं करावं.

आता लग्नाचं. नवरामुलगा तपासणीत एए निघाला तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलचा आजार होणार नाही, मुलं फार तर वाहक असतील. तोही एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहकाची, चारात एक काहीच नसण्याची. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब काही घरांत करतात, तो चुकीचा आहे; दर वेळी फासे नव्याने पडतात. मुलाची नुसती झटपट विद्राव्यता चाचणी करू नका, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करून घ्या, कारण तो बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असला तरी जोडी अडचणीची ठरते आणि ते झटपट चाचणीत कळत नाही. दोघंही वाहक निघाले तरी रस्ता बंद होत नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. त्याबद्दल जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांशी दोघांनी मिळून बोलावं.

लपवू नका. लपवलं तर मुलाची तपासणी होणार नाही, आणि त्याची किंमत जन्माला येणारं मूल भरेल. आणि दादा, ही गोष्ट तिच्यापुरती नाही. तिला ते जनुक तुमच्याकडून किंवा तिच्या आईकडून आलं आहे. तुम्ही दोघं तपासून घ्या, तिची भावंडं तपासा. ज्या घराने फोन उचलणं बंद केलं, त्यांच्या मुलानेही तपासणी केलीच पाहिजे. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, पालघरात हे जनुक पुष्कळ घरांत आहे. का, ते सांगते. एएस असलेल्या लहान मुलांना जीवघेण्या मलेरियापासून चांगलंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक मुलं जगली, वाढली, त्यांना मुलं झाली. तुमच्या मुलीच्या कुठल्यातरी पणजीला कदाचित याच जनुकाने वाचवलं असेल.

जाता जाता : ज्यांच्या घरी एसएस रुग्ण आहे त्यांना डॉक्टर सारखं ‘पाणी प्या’ का सांगतात, तेही पहिल्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. पाणी कमी पडलं की तांबड्या पेशीतलं पाणी बाहेर जातं, आतलं हिमोग्लोबिन दाटतं, आणि दाटलेलं हिमोग्लोबिन लवकर चिकटतं. मडकं रुग्णाच्या हाताशी असू द्या.

प्रश्न : माणसाच्या शरीरात एकूण पेशी किती?
— एक वाचक, पेण

उत्तर : प्रौढ माणसाचा अंदाज ३० ते ३७ लाख कोटींचा आहे. त्यात संख्येने सर्वाधिक वरच्या उत्तरातल्या तांबड्या पेशी, ऐंशी टक्क्यांहून अधिक. वजनाने बघितलं तर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी पुढे जातात, कारण त्या आकाराने मोठ्या.

प्रश्न : बाई, मी आशा स्वयंसेविका आहे. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस द्या म्हटलं की घरचे विचारतात, जुलाबात साखर कशाला? काही जण नुसतं मिठाचं पाणी देतात, काही जण बाटलीतलं गोड थंड पेय. त्यांना कसं समजावू?
— सुरगाणा, जिल्हा नाशिक

उत्तर : त्यांना सांगा, साखर ही मिठाची जोडीदार आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला ज्या पेशी आहेत त्यांच्या पटलात एक प्रथिन बसवलेलं असतं. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतं. एकटं आलेलं त्या दारातून जात नाही. दोघं आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यासारख्या जुलाबात आतड्याचं बरंच काम बिघडतं, पण हे दार चालू राहतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात जोडीदार नाही, म्हणून ते पुरेसं शोषलं जात नाही. आणि थंड पेयात साखर इतकी जास्त असते, की ती आतड्यातच राहून पेशींतलं पाणी उलट बाहेर ओढते. कैरीच्या फोडीला मिठाने जे होतं तेच. जुलाब वाढतात.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजची मिश्रणं पिंपात कालवून रुग्णांना पाजायला लावली, पाजणारे बहुतेक नातेवाईकच. तीसेक टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. पेशीच्या दाराचं हे काम प्रयोगशाळेत कळून तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला ते फार उशिरा मिळालं असं वाटतं.

पाकीट नसेल तेव्हा : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द दोनदा सांगा, चमच्यावर बोट फिरवून दाखवा. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, पिईनासं झालं तर दवाखाना.

प्रश्न : बाई, मी किनवटला नववीत शिकतो. पुस्तकात पेशीची आकृती आहे, तिच्यात केंद्रक, तंतुकणिका, गॉल्गीसंकुल सगळं दिसतं. आम्ही शाळेत कांद्याची पेशी पाहिली तर त्यात फक्त चौकोन आणि एक ठिपका दिसला. आमची स्लाइड चुकली का?
— एक विद्यार्थी

उत्तर : स्लाइड चुकली नाही, बाळा. तुम्ही बघितलीत ती खरी पेशी. पुस्तकातली आकृती म्हणजे अनेक पेशींमधलं अनेक साधनांनी शोधलेलं एकाच कागदावर मांडलेलं आहे. तंतुकणिका शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसण्याइतकी मोठी नसते, तिची आतली रचना बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आकृतीत ती दोन-तीन असतात, यकृताच्या एका पेशीत मात्र हजार-दोन हजार असू शकतात. पेशी सपाटही नसते. कांद्याची पेशी एखाद्या लांबट खोक्यासारखी असते, तुम्ही ती वरून बघितली. ठिपका म्हणजे केंद्रक. १६६५ साली रॉबर्ट हुकने बुचाच्या झाडाच्या सालीचा काप बघितला, तेव्हा त्याला तेवढाही ठिपका दिसला नव्हता, नुसत्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. केंद्रकाला नाव मिळालं ते १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राउनकडून.

पुन्हा करून बघ. कांद्याच्या जाड पाकळीचा तुकडा घे, त्याच्या आतल्या, खोलगट बाजूने तो मोड, पण पूर्ण तोडू नकोस. पारदर्शक पापुद्रा लोंबेल, तो चिमट्याने अलगद ओढ आणि लगेच पाण्यात सोड, नाहीतर त्याची गुंडाळी होते. काचपट्टीवर आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईने हळू खाली आण. धसकन ठेवलीस तर हवेचे बुडबुडे अडकतात.

बुडबुड्यांचं नीट लक्षात ठेव. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने वहीत तीन सुंदर गोल काढले, जाड काळ्या कडेचे, आत काहीच नाही. खाली लिहिलं, ‘कांद्याची पेशी’. शेजारच्या मुलांनी पुस्तकातली आकृती उतरवून काढली होती, तंतुकणिकांसकट. मी त्यांच्या वह्या बाजूला ठेवल्या आणि त्याला पूर्ण गुण दिले, कारण वर्गात एकट्याने जे दिसलं तेच काढलं होतं. मग त्याला दुसरी स्लाइड करून दिली आणि बुडबुडा कसा ओळखायचा ते दाखवलं : कड जाड, काळी, आकार पक्का गोल, फोकस हलवला की कड चमकते.

आयोडीन लावलेली पेशी मरते, त्यामुळे तिच्यात हालचाल दिसत नाही. जिवंत पेशी बघायची असेल तर तळ्यातली किंवा मासे पाळणाऱ्याकडची हायड्रिला आण. शेंड्याजवळचं एक कोवळं पान आख्खं पाण्याच्या थेंबात ठेव, रंग लावू नकोस, पाच-दहा मिनिटं दिव्याच्या उजेडात राहू दे. मोठ्या भिंगाखाली मधल्या शिरेजवळच्या पेशी शोध. हिरवे दाणे म्हणजे हरितलवकं. धीर धरून एकाच पेशीकडे बघत राहिलास तर ते दाणे भिंतीच्या कडेकडेने एकामागून एक सरकताना दिसतील, पेशीद्रव्य त्यांना वाहून नेत असतं. मग पानाच्या कडेला मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोड, दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घे आणि काय होतं ते बघ. जे दिसेल तेच काढ, आणि चित्र मला पाठव.